सर्व्हरचा ‘ऑडिट वर्ग’ कसा ठरतो

विदर्भातल्या खेड्यात सेवा सहकारी सोसायटीची पत विचारली, की लोक तिचा ऑडिट वर्ग सांगतात: अ, ब, क की ड. ही सवय जुनी आहे. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने हिशेब तपासण्याची जबाबदारी निबंधकावर टाकली. पुढे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ मध्ये लेखापरीक्षण आले आणि कलम ८२ मध्ये दोष दुरुस्ती. ऑडिटर किर्द-खतावणी मागायचा, पावत्यांशी ताळा घालायचा, शेरा लिहायचा.

आता किर्द सर्व्हरमध्ये गेली आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे अशाच गावच्या सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी रुपये. पीककर्जाची नोंद गटसचिव गावात करतो, पण ती साठते दूरच्या डेटा सेंटरमध्ये. म्हणून तिथल्या यंत्राची सुरक्षेची सेटिंग तपासून त्याचा शेरा कसा ठरतो, हे खातेदाराला कळलेच पाहिजे.

१९९० च्या दशकात बहुतेक सर्व्हर कारखान्यातून मोकळेच यायचे: सगळ्यांना ठाऊक असलेले पासवर्ड, नको त्या सेवा चालू. योग्य सेटिंग कोणती, हे लेखी ठरवण्याचे काम अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्या दशकाच्या अखेरीस हाती घेतले. २००० मध्ये सेंटर फॉर इंटरनेट सिक्युरिटी ही संस्था स्थापन झाली आणि तिचे ‘बेंचमार्क’, म्हणजे सुरक्षित सेटिंगच्या नियमावल्या, जगभर रूढ झाले. २००४ च्या अखेरीस आलेल्या पीसीआय या कार्ड-व्यवहारांच्या मानकाने तर कारखान्याचे पासवर्ड तसेच ठेवायला मनाईच केली. त्यानंतर हे नियम यंत्राला वाचता येतील अशा स्वरूपात लिहिले गेले, आणि तपासणी हातातून स्कॅनरकडे, म्हणजे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, गेली.

स्कॅनर सर्व्हरमधील सेटिंग वाचतो आणि नियमातल्या किमतीशी ताडून पाहतो. उदाहरणार्थ, लिनक्स या सर्व्हरवरच्या प्रणालीत ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याने दुरून थेट लॉगइन करता येते का? नियम ‘नाही’ म्हणतो. फाइलमध्ये ‘हो’ असेल तर नापास. पण निकाल पास-नापास एवढ्यावर संपत नाहीत. ‘लागू नाही’ असतो, ‘तपासले नाही’ही असतो. या शेवटच्या निकालावर नजर ठेवावी. जी बाब यंत्राला तपासता येत नाही, माणसानेच पाहावी लागते, ती बहुधा तिथे जाते आणि प्रचलित गुणपद्धतीत बेरजेतून वगळली जाते. टक्केवारी चांगली दिसते, काम मात्र राहिलेले असते.

शिवाय टक्केवारी म्हणजे शेरा नव्हे. एखादा गंभीर दोष बाकीचे गुण निरर्थक करू शकतो. उलट, जुन्या सॉफ्टवेअरसाठी एखादी सेटिंग ढिली ठेवावी लागली तर लेखी सवलत, पर्यायी बंदोबस्त आणि मुदत नोंदवून ती मान्य होऊ शकते. मुदत नसलेली सवलत मला दोषच वाटते.

आपल्याकडे ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. रिझर्व्ह बँकेने त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत चौकट आणली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला चार पातळ्यांची. ग्रामीण सहकारी बँकांसाठी तशीच श्रेणीबद्ध चौकट २०२० मध्ये नाबार्डने दिली. बँकेचे डिजिटल व्यवहार जितके खोल, तितके नियम जास्त; त्यामुळे एका पातळीवर पुरेशी ठरणारी व्यवस्था वरच्या पातळीवर अपुरी ठरू शकते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने लॉग, म्हणजे यंत्रावरच्या घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस जपणे आणि यंत्रांची घड्याळे ठरलेल्या सर्व्हरशी जुळवणे बंधनकारक झाले. दोन्ही गोष्टी सेटिंगमध्येच दिसतात.

३१ जुलै २०२४ ला सी-एज या बँकांच्या तंत्रसेवा पुरवठादारावरील रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या) हल्ल्यानंतर देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे ऑनलाइन व्यवहार तात्पुरते थांबले. सुरक्षा संशोधकांच्या विश्लेषणात मूळ सापडले ते चुकीच्या सेटिंगच्या एका जेनकिन्स (सॉफ्टवेअर बनवण्याची कामे आपोआप करणारे साधन) सर्व्हरमध्ये. शाखेतला संगणक कितीही नीट असो, पुरवठादाराची यंत्रे अहवालाच्या यादीत नसतील तर तो अहवाल त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही. शेरा असतो फक्त यादीतल्या यंत्रांचा आणि तपासणीच्या दिवसाचा. दुसऱ्या दिवशी कुणी सेटिंग बदलली तर तो जुना झाला.

सुरक्षेचा पूर्ण अहवाल जाहीर करता येत नाही, हे मान्य. पण तपासणीची तारीख, किती यंत्रे पाहिली, किती दोष बाकी आहेत आणि किती सवलतींची मुदत उलटली, एवढे तरी बँकेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, ऑडिट वर्गाच्या शेजारीच, सांगितले जावे.