फ्लास्कची पार्श्वभूमी : हलक्या फ्रेमवर्कमध्ये काय नसते आणि का

पायथनमध्ये छोटे वेब ॲप्लिकेशन उभे करायचे ठरले, की जँगो घ्यावे की फ्लास्क, यांपैकी कोणते फ्रेमवर्क (म्हणजे ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा) निवडावे, हा प्रश्न हमखास पुढे येतो. दोन्ही मुक्तस्रोत आहेत, दोन्ही बीएसडी परवान्याखाली मिळतात आणि व्यावसायिक कामालाही चालतात. फरक आहे तो त्यांच्या जडणघडणीत.

जँगो अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स शहरातील एका वृत्तपत्राच्या वेब विभागात घडले आणि जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. मजकूर झटपट आणि प्रोग्रामरच्या मदतीविना चढवता यावा, ही तिथली रोजची निकड होती. त्यामुळे ॲडमिन पॅनेल, लॉगिन, फॉर्म आणि डेटाबेस हाताळणारा थर हे सारे त्यात एकत्रच आले.

हलक्या फ्रेमवर्कची वाट मात्र डिसेंबर २००३ मध्ये मांडलेल्या डब्ल्यूएसजीआय या संकेताने मोकळी केली. तोवर पायथनचे फ्रेमवर्क निवडले की कोणता सर्व्हर वापरायचा हेही बऱ्याच अंशी ठरून जाई. सर्व्हरने विनंतीचा तपशील ॲप्लिकेशनकडे कसा सोपवायचा आणि उत्तर कसे परत घ्यायचे, एवढेच या संकेताने नेमून दिले आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे लिहिणे शक्य झाले. ऑस्ट्रियाचे आर्मिन रोनाखर यांनी याच पायावर विनंती-उत्तरे हाताळणारी वेर्कझॉइग ही लायब्ररी (तयार कोडचा संच) आणि पानाच्या साच्यात मजकूर भरणारे जिंजा हे टेम्प्लेट इंजिन तयार केले. दरम्यान २००७ मध्ये रूबी या भाषेत आलेल्या सिनात्रा या फ्रेमवर्कने वेबपत्ता आणि त्यावर घडणारी कृती शेजारीशेजारी लिहिण्याची सुटसुटीत पद्धत रूढ केली होती.

१ एप्रिल २०१० रोजी रोनाखर यांनी एका फाइलीत मावणाऱ्या फ्रेमवर्कची एप्रिल फूल म्हणून थट्टा केली, पण लोकांनी ती खरी मानली. त्याच महिन्यात फ्लास्कची पहिली आवृत्ती आली. तिच्यातले नमुन्याचे ॲप्लिकेशन अवघ्या सात ओळींचे होते : फ्लास्क आयात करायचे, ॲप तयार करायचे, फंक्शनच्या डोक्यावर रूट, म्हणजे वेबपत्ता, लिहायचा, मजकूर परत द्यायचा आणि ॲप चालू करायचे.

या सात ओळींत डेटाबेस नाही, आणि ही उणीव जाणूनबुजून ठेवलेली आहे. डेटाबेस हाताळणारी एसक्यूएलअल्केमी ही लायब्ररी वापरायची की डेटाबेसची भाषा असलेले साधे एसक्यूएल लिहायचे, लॉगिन कुठून आणायचे, हे ठरवणे वापरणाऱ्यावर सोपवलेले आहे. माझ्या मते निवड करताना फ्रेमवर्कच्या आकारापेक्षा याच गोष्टीला अधिक महत्त्व द्यावे, कारण फ्लास्कची बरीच एक्स्टेन्शन्स (वरून जोडायचे भाग) वेगवेगळे लोक सांभाळतात आणि त्यांतले एखादे मागे पडले, तर ते बदलण्याचे काम आपल्याच अंगावर येते. मूळ गाभा मात्र पॅलेट्स या गटाच्या देखरेखीखाली सावकाश वाढला, त्याची १.० आवृत्ती यायला एप्रिल २०१८ उजाडले.