फ्लोरिडातली हरवलेली मते

7 नोव्हेंबर 2000 रोजी अमेरिकेत अध्यक्षपदासाठी मतदान झाले आणि निकाल फ्लोरिडा या एका राज्यावर येऊन अडला. तिथली 25 इलेक्टोरल मते (अध्यक्ष निवडताना प्रत्येक राज्याच्या वाट्याला येणारी मते) ज्याच्या पारड्यात, तो अध्यक्ष. राज्यात सुमारे 60 लाख मते मोजली गेली आणि रिपब्लिकन जॉर्ज बुश व डेमोक्रॅट अल गोर यांच्यातले अधिकृत अंतर निघाले 537. दहा हजारांत एकसुद्धा नाही!

कोर्टकचेरीची बाजू सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र हा वाद मोजमापाचा वाटतो. निवडणूक म्हणजे लोकांचा कौल मोजणे, आणि कोणत्याही मोजमापात थोडीफार चूक राहतेच. फ्लोरिडात जवळजवळ 1 लाख 75 हजार मतपत्रिकांवर यंत्राला अध्यक्षपदाचे वैध मत सापडले नव्हते. विजयाच्या अंतराच्या तीनशेपटींहून जास्त!

अनेक काउंट्यांत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) तेव्हा व्होटोमॅटिक हे 1960च्या दशकातले साधन वापरात होते. एका खाचेत जाड कागदाचे कार्ड सरकवायचे, वर जोडलेल्या पुस्तिकेत उमेदवाराचे नाव शोधायचे आणि त्यासमोरच्या भोकात टोकदार दाभण दाबायचे. कार्डावरचा आधीच कातरून ठेवलेला इवलासा चौकोन, म्हणजे 'चॅड', निखळून खाली पडायचा. मोजणी यंत्र त्या छिद्रातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावरून मत ओळखायचे. पण चॅड एखाद्या कोपऱ्याला लटकत राहिला, तर यंत्रातून जाताना तो परत छिद्रावर बसू शकतो. कधी तो सुटतच नाही, नुसता खळगा पडतो. खाली साचलेले जुने चॅड, नीट न दाबलेले दाभण अशी कारणे पुढे आली. कार्डावर उमेदवारांची नावे नसत, नुसते आकडे असत. त्यामुळे कार्ड बाहेर काढल्यावर आपले मत योग्य जागी पडले का, हे मतदाराला सहज कळत नसे.

अंतर इतके कमी असल्याने काही काउंट्यांत मते हाताने पुन्हा मोजायला घेतली. या फेरमोजणीत आणखी एक अडचण होती. कार्ड पुन्हा हाताळले की अर्धवट सुटलेले चॅड गळून पडू शकतात, म्हणजे मोजता मोजता मोजायची वस्तूच बदलते. शिवाय दोन कोपरे सुटले तर मत धरायचे, की नुसता खळगाही पुरे? प्रत्येक काउंटीचा निकष वेगळा होता. सर्वोच्च न्यायालयाने हीच विसंगती दाखवली आणि 12 डिसेंबरला 5 विरुद्ध 4 अशा निर्णयाने फेरमोजणी संपवली.

पुढच्या वर्षी शिकागो विद्यापीठातल्या एनओआरसी या संशोधन संस्थेने वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रांसाठी त्या 1 लाख 75 हजार मतपत्रिका तपासल्या. गोर यांनी मागितलेली चार काउंट्यांची फेरमोजणी पूर्ण झाली असती, तरी बुशच जिंकले असते. मात्र राज्यभरातल्या सगळ्या बाद मतपत्रिका पाहिल्या, तर गोर पुढे जात होते. निकषानुसार आघाडी 60 ते 171 मतांची. मोजण्याची रीत बदलली की विजेता बदलतो, असा हा निष्कर्ष आजही अस्वस्थ करतो.

आणि इथेच एक गोष्ट लक्षात येते. महिनाभर साऱ्या जगाचे डोळे लटकत्या चॅडवर खिळले होते. पण बाद मतपत्रिकांपैकी सुमारे 1 लाख 14 हजारांवर एकापेक्षा जास्त उमेदवारांना मत दिलेले होते. त्यातल्या अनेकांत दोष छापील मांडणीचा होता. ड्युव्हाल काउंटीत उमेदवारांची यादी दोन पानांवर पसरली होती आणि आधी छापलेल्या नमुना मतपत्रिकेत 'प्रत्येक पानावर मत द्या' अशी सूचना होती. तिथे अशी सुमारे 22 हजार मते बाद झाली.

पाम बीच काउंटीत वृद्ध मतदारांना नीट वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी केली. जागा पुरेना, म्हणून नावे समोरासमोरच्या दोन पानांवर आली आणि भोकांची एकच रांग मधे. डावीकडे बुश पहिले, गोर दुसरे; पण वरून दुसरे भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचे. डेमोक्रॅटांच्या या बालेकिल्ल्यात कट्टर उजव्या ब्युकॅनन यांना 3,400 च्या आसपास मते पडली. ती बहुतेक आपली नसावीत, असे खुद्द ब्युकॅनन यांनीच सांगितले.

राज्यशास्त्राचे संशोधक जोनाथन वाँड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये याची पडताळणी केली, तीही फार सुंदर रीतीने. त्याच काउंटीतल्या टपाली मतपत्रिकांची मांडणी अशी दोन पानी नव्हती. त्यांत ब्युकॅनन यांना हजारी दोनच्या आसपास मते होती, तर केंद्रांवरच्या मतदानात हजारी आठांहून जास्त. मतदारवर्ग तोच, कागद वेगळा. दोन हजारांहून अधिक डेमोक्रॅट मतदारांचे मत चुकून ब्युकॅनन यांना गेले, असा त्यांचा हिशेब निघाला. विजयाच्या अंतराच्या जवळपास चौपट. आणि त्या कार्डांवरची छिद्रे स्वच्छ, आरपार होती. नियमाने ती मते वैध होती, त्यामुळे कितीही वेळा मोजली असती तरी ती ब्युकॅनन यांच्याच खात्यात गेली असती.