पिल्लू धुणं का पळवतं?

बेळगावात पावसाळा लागला की धुणं घरात येतं. खानापूर, जांबोटी भागात तर आठवडेच्या आठवडे अंगणात कपडा टाकायची सोय नसते. मग सोप्यात, जिन्याखाली, जागा मिळेल तिथं दोऱ्या बांधल्या जातात आणि साड्यांचे पदर, टॉवेलची टोकं गुडघ्याएवढ्या उंचीवर लोंबत राहतात. घरात चार-पाच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू असेल तर याच दिवसांत ‘हे फार चोरटं झालंय’ असं ऐकू येतं. पिल्लू आहे तसंच असतं. कपडे तेवढे त्याच्या तोंडाच्या उंचीवर आलेले असतात.

पळवतानाही ते वाटेल तो कपडा उचलत नाही. मोजे, बनियन, आतले कपडे, वापरलेला टॉवेल यांना पहिली पसंती. यामागं वास आहे. घाम, त्वचेचं तेल आणि त्यावर वाढणारे जिवाणू मिळून प्रत्येक माणसाचा वेगळा वास तयार होतो आणि तो अंगाला घासणाऱ्या कपड्यात मुरतो. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स आणि सहकाऱ्यांनी 12 कुत्र्यांना एमआरआय यंत्रात निवांत पडून राहायला शिकवलं आणि त्यांना पाच वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या माणसाचा, अनोळखी माणसाचा, ओळखीच्या कुत्र्याचा आणि अनोळखी कुत्र्याचा. काहीतरी चांगलं मिळणार अशी अपेक्षा असताना मेंदूतला जो भाग जागा होतो, तो सर्वांत जास्त जागा झाला ओळखीच्या माणसाच्या वासाला. तुमचा मोजा घेऊन पलंगाखाली शिरलेलं पिल्लू खोडी काढण्यासाठी तिथं गेलेलं नसतं. घरातल्या लाडक्या माणसाचा वास त्याच्या तोंडात असतो.

दुसरं कारण दातांचं. पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि ओला, जाड कपडा चावायला बरा वाटतो. जातीचा भागही असतोच. लॅब्राडॉर पिढ्यान्‌पिढ्या वस्तू तोंडात धरून आणून देण्यासाठी जोपासला गेला, त्यामुळं त्याचं तोंड रिकामं राहत नाही. गोकाकच्या पुढं मुधोळला गेलात तर तिथलं शिकारी कुत्रं नजरेनं शिकार हेरणारं. हलणारी वस्तू दिसली की ते झेपावणारच, मग ती वस्तू ससा असो की वाऱ्यानं हेलकावणारा पदर.

वास आणि दात यांमुळं पिल्लू कपडा उचलतं. ते पुन्हा पुन्हा का उचलतं, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर आपल्यापाशी सापडतं. पिल्लानं मोजा उचलल्यावर पुढच्या दोन-तीन सेकंदांत घरात काय होतं ते पाहा. ‘अगं धर त्याला, मोजा नेला!’ अशी हाक जाते. आई भाकरी थापायचं सोडून उठते, मुलगा सोफ्यावरून उडी मारतो, आजोबा काठी आपटतात. तासभर आपल्याकडं ढुंकूनही न पाहणारं सगळं घर आता पिल्लाच्या मागं धावतंय. शिवाशिवीचा याहून चांगला डाव त्याला कोण देणार? मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये मांजरांना पेटीत ठेवून दाखवलं होतं की ज्या कृतीनं हवं ते मिळतं ती कृती टिकते, बाकीच्या गळून पडतात. पुढं दुसरे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी त्यात भर घातली: बक्षीस कधी मिळतं, कधी मिळत नाही, तेव्हा सवय जास्त चिवट होते. चार वेळा दुर्लक्ष करून पाचव्यांदा घर मागं धावलं, तर त्या पाचव्या वेळेनं आधीचं सगळं पुसलं जातं. पाठलाग थांबवल्यावर काही दिवस पिल्लू उलट जास्त कपडे ओढेल, मोजा तोंडात धरून तुमच्यासमोर नाचेल. नेहमीचा डाव का सुरू होत नाही, हे ते तपासत असतं. नेमक्या याच टप्प्यावर बरीच घरं कंटाळून हार मानतात, याचं मला वाईट वाटतं, कारण जिंकायला थोडंच उरलेलं असतं.

मग करायचं काय? ‘सोड’ हा शब्द शिकवायचा, आणि तो कपडा पळवल्यावर नव्हे, निवांत वेळी, साध्या खेळण्यावर. पिल्लाच्या तोंडात खेळणं असताना उकडलेल्या अंड्याचा किंवा बिनमसाल्याच्या चिकनचा नखाएवढा तुकडा नाकापाशी न्या. जबडा सैल पडतो, खेळणं खाली पडतं. पडतं त्याच क्षणी ‘सोड’ म्हणा, तुकडा द्या आणि खेळणं लगेच परत द्या. हे परत देणं फार महत्त्वाचं आहे. सोडलं म्हणजे गमावलं नाही, उलट दुप्पट मिळालं, हे पिल्लाला कळायला हवं. ते जमलं की तुकडा दाखवण्याआधी शब्द उच्चारा, मग खेळण्याच्या जागी जुनं फडकं घ्या, शेवटी मोजा.

शब्द मात्र घरात एकच ठेवा. आपल्या भागात आजी ‘सोड’ म्हणते, शेजारच्या काकू कन्नडमधून ‘बिडु’ म्हणतात आणि इंग्रजी शाळेतला नातू ‘ड्रॉप’ ओरडतो. पिल्लाला तिन्ही भाषा सारख्याच, पण तीन आवाज म्हणजे तीन वेगवेगळे धडे. कोणताही एक निवडा आणि काकूंनाही तो सांगून ठेवा.

एक धोका असतो. हुशार पिल्लू खाऊसाठीच मोजे आणून देऊ लागतं. म्हणून जास्त बक्षिसं कपडा न उचलल्याबद्दल द्यायची. दोरीखालून जाताना टॉवेलकडं पाहून ते पुढं गेलं, लगेच शाबासकी आणि तुकडा. त्याच वेळी धुण्याची टोपली झाकणाची घ्या, दोरी हातभर वर बांधा, चावायला रबराचं भक्कम खेळणं किंवा गार गाजर द्या. खेळायला जुना मोजा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जुना मोजा कोणता आणि कालच घेतलेला कोणता, हे पिल्लानं कसं ओळखावं?

मारणं, तोंड दाबून कपडा हिसकावणं यानं काम बिघडतं. हिसकावून घेतात हे कळलेलं पिल्लू गुरगुरून वस्तू राखायला लागतं, नाहीतर गिळून टाकतं. ‘चूक केली हे त्याला कळतं, बघा कसं तोंड पाडलंय’ असं लोक म्हणतात. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात हे पडलेलं तोंड कुत्र्यानं खरोखर चूक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हतं. मालक रागावला की ते दिसायचं, निर्दोष कुत्र्यांतही. तासाभरानं फाटका टॉवेल नाकासमोर धरून ओरडलं तर पिल्लू एवढंच शिकतं की या माणसाची कधीकधी भीती वाटते.

गिळण्याचा धोका हलक्यात घेऊ नका. मोजा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रिया करावी लागू शकते. त्याहून वाईट म्हणजे लांब, बारीक वस्तू: परकरची नाडी, फॉलचा दोरा, आणि वडगाव-शहापूरच्या मागावाल्या घरांत पायाशी पडलेलं सूत. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, दुसरं पुढं ओढलं जातं, आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि ताणलेला दोरा ते कापू शकतो. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर तो कधीही ओढू नका. उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजू नका, मीठच विषासारखं बाधू शकतं. वारंवार उलट्या, खाणं बंद, पोट दुखत असल्यासारखं कमानीत उभं राहणं, शी करताना कुंथणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मोजा गिळताना पाहिलं असेल तर लक्षणांसाठीही थांबू नका, तडक जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावा. कापड एक्स-रेमध्ये बऱ्याचदा स्पष्ट दिसत नाही, म्हणून निघताना जोडीतला उरलेला मोजा सोबत घ्या, म्हणजे आत केवढी वस्तू आहे याचा डॉक्टरांना अंदाज येईल.