नारू निर्मूलन

नारू हा ड्रॅकनक्युलस मेडिनेन्सिस या कृमीमुळे होणारा परजीवी रोग. त्यावर लस नाही आणि कृमी मारणारे औषधही नाही. तरीही १९८६ मध्ये जगभर अंदाजे ३५ लाख असलेले रुग्ण २०२४ मध्ये १५ वर आले, ते केवळ पिण्याचे पाणी जपल्यामुळे.

साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे बारीक जलकीटक असतात. नारूच्या अळ्या त्यांच्या पोटात वाढतात आणि ते पाणी प्यायल्यावर माणसाच्या शरीरात शिरतात. साधारण वर्षभराने शेवईएवढी जाड, जवळपास मीटरभर लांब मादी बहुधा पायावर फोड आणून बाहेर पडू लागते. फोडाची आग असह्य असते. आग शमवायला रोगी पाय पाण्यात सोडतो, त्या क्षणी मादी लाखो अळ्या पाण्यात टाकते. कृमी काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढून काढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजतो, पिकतो. ऐन कामाच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळतो, हा या रोगाचा खरा घाव.

म्हणूनच पायविहीर धोक्याची. सातारा जिल्ह्यातील लिंबची बारा मोटेची विहीर हा पायऱ्यांच्या विहिरीचा देखणा नमुना. पण जिथे घागर भरायला माणूस पायऱ्या उतरून थेट पाण्यात उभा राहतो, तिथे नारूला वाट मिळते. माण, खटाव, जत, आटपाडी अशा कमी पावसाच्या तालुक्यांत उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, तेव्हा तर पाण्यात उतरण्यावाचून गत्यंतर नसे.

महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पायविहिरींच्या जागी कठडा व रहाट असलेल्या विहिरी आणि हातपंप आले, पाण्यात सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस हे रसायन टाकले गेले, पाणी दुहेरी कापडातून गाळून घ्यायला शिकवले गेले. गाळण्याची सवय घरातल्या बायकांनी पाळली, तिचे मोल कार्यक्रमातल्या कुठल्याही औषधापेक्षा कमी नाही. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. त्यानंतरही गावोगाव शोध चालू राहिला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

आता उरलेले मोजके रुग्ण आफ्रिकेत आहेत. चाडमध्ये कुत्र्यांनाही लागण होते, ती टाकून दिलेली माशांची आतडी खाल्ल्याने होत असावी असे मानतात; म्हणून तिथे माशांची आतडी पुरून टाकणे आणि बाधित कुत्री बांधून ठेवणे हाही निर्मूलनाचा भाग झाला आहे.