डिझेल की हायब्रिड? इंग्लंडच्या कालव्यांवरच्या निवडीची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या कालव्यांवर आठवडाभरासाठी नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांबट अरुंद बोट, भाड्याने घ्यायची म्हटली, की आता काही ठिकाणी डिझेलच्या जोडीला इलेक्ट्रिक हायब्रिडही मिळते. हायब्रिड म्हणजे कालपरवाची गोष्ट असं वाटतं खरं, पण विजेची बोट तिथे डिझेलच्या आधीची आहे. 1880 च्या दशकाअखेरीस टेम्स नदीवर मॉरिट्झ इमिश यांच्या कंपनीच्या बॅटरीवर चालणाऱ्या लाँच (छोट्या बोटी) फिरत होत्या आणि त्यांच्यासाठी नदीत चार्जिंगची ठिकाणंही होती. पुढे पेट्रोल इंजिनाने त्यांना मागे टाकलं. बोटी चांगल्याच होत्या, पण चार्जिंगच्या टप्प्यापलीकडे त्यांना जाता येत नव्हतं.

कालव्यांवर घोड्यांची जागा घ्यायला आलं ते बोलिंडर. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या मालवाहतूक कंपनीने 1912 पासून हे स्वीडिश सेमी-डिझेल इंजिन बोटींवर बसवायला घेतलं. एकच सिलिंडर, ताकद जेमतेम 15 अश्वशक्ती. सुरू करण्याआधी ब्लोलँपने त्याचं डोकं चांगलं तापवावं लागे. एवढ्याशा इंजिनावर मालाने भरलेली बोट चाले आणि मागे बिनइंजिनाची जोडबोटही ओढली जाई. दोन्ही मिळून माल सुमारे 50 टन!

त्याच सुमाराला, 1914 मध्ये, स्टॅफर्डशरमधल्या हेअरकॅसल बोगद्यात विजेचा टग आला. बोगदा सुमारे 2.7 किलोमीटर लांब आणि अरुंद, त्यामुळे आत धूर कोंडे. कालव्याच्या तळाशी टाकलेला पोलादी दोर पकडत टग पुढे सरके आणि बोटींची रांग ओढत नेई. सुरुवातीला त्याच्या बॅटऱ्या वेगळ्या होडीत ठेवलेल्या असत, पुढे वरच्या तारेतून वीज दिली गेली. टग 1954 मध्ये बंद झाला आणि दक्षिणेच्या तोंडाशी दरवाजे व मोठे पंखे बसले. डिझेल बोटींचा धूर आजही तसाच ओढून काढला जातो.

1962-63 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि आधीच डबघाईला आलेली मालवाहतूक जवळपास संपली. 1968 च्या वाहतूक कायद्याने बऱ्याच कालव्यांना पर्यटनासाठी जीवदान दिलं. भाड्याच्या बोटींत मात्र इंजिन मोठं होत गेलं. आज 57 फुटी, 15-18 टनांच्या बोटीत बहुधा 35 ते 43 अश्वशक्तीचं डिझेल असतं. वेगमर्यादा ताशी 4 मैल, आणि उथळ कालव्यात ताशी 3 मैलांनी जायला दोन-तीन किलोवॉट पुरतात. म्हणजे 30 किलोवॉटचं इंजिन दिवसभर दहा टक्क्यांवर कण्हत राहतं, शिवाय लॉकमध्ये (बोट वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या कप्प्यात) नुसतंच धडधडतं. इतक्या कमी भारावर सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, इंजिन तेल खातं आणि काजळी धरते. नदीच्या प्रवाहाविरुद्ध जाताना किंवा बोट झटकन थांबवताना मात्र ती जादा ताकद उपयोगी पडते. सेव्हर्नसारख्या नदीत उतरायचं असेल तर डिझेल किंवा समांतर हायब्रिडच घ्यावी.

समांतर हायब्रिडमध्ये डिझेल इंजिन असतंच, प्रोपेलरच्या शाफ्टला पट्ट्याने मोटर जोडलेली असते आणि इंजिन चालू असताना तीच मोटर जनरेटर बनते. सीरियल हायब्रिडमध्ये प्रोपेलरला फक्त मोटरच फिरवते, डिझेल जनरेटर बॅटरी भरतो. दोन्हींत साधारण 48 व्होल्टची बॅटरी असते. 2 व्होल्टचे 24 लेड-ॲसिड सेल, 450 अँपिअर-तासांचे, म्हणजे 21.6 किलोवॉट-तास झाले. त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर सेलचं आयुष्य घटतं. अडीच किलोवॉटने ते चार तास पुरतात, आणि सुट्टीवरची मंडळी दिवसाला सहा-सात तास बोट चालवतात. उरलेलं डिझेलनेच भरून काढावं लागतं. लेड-ॲसिडमध्ये शेवटचे वीस टक्के भरायला तासन्‌तास जातात. भाड्याच्या बोटीला दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये तेवढी उसंत नसते, मग सल्फेट साचतं आणि क्षमता घटते. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये हा त्रास नाही, पण शून्याखालच्या तापमानात ते चार्ज करायचे नसतात.

घाटावरची 16 अँपिअरची जोडणी फार तर 3.7 किलोवॉट देते, म्हणून बोट रात्रभर लावून ठेवावी लागते. जोडणी नसेल तर जनरेटर. पण कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टचा नियम आहे, की काठाला बांधलेल्या बोटीवर रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नाही. सीरियल हायब्रिड घेणाऱ्याने संध्याकाळी सहालाच बॅटरीचा काटा पाहावा, आठनंतर उपाय उरत नाही.

अंघोळीचं पाणी हा लोकांच्या ध्यानात न येणारा खर्च. डिझेल बोटीत ते इंजिनाच्या उष्णतेवर फुकट तापतं. हायब्रिडमध्ये इमर्शन हीटर लावला, तर एक किलोवॉटचा हीटर तासाभरात बोटीच्या जवळपास अर्ध्या तासाच्या चालीइतकी वीज खातो. पाण्यासाठी डिझेलवर चालणारा वेगळा हीटर आहे का, हे बुकिंगआधीच विचारावं.

प्रोपेलरला प्लॅस्टिक किंवा दोरी गुंडाळली, की मागच्या झाकणातून हात घालून काढावी लागते. डिझेल बंद आहे हे कानाला कळतं. विजेची मोटर थांबलेली असताना चालू आहे की नाही, कळतच नाही. लिव्हर न्यूट्रलला आणून भागत नाही: किल्ली काढून खिशात टाकायची, मुख्य आयसोलेटर (बॅटरीची वीज तोडणारा स्विच) बंद करायचा, आणि मगच झाकण उघडायचं.