‘फ्रँचायझी’ ही शिवी कशी झाली : ब्रिटिश प्रेक्षक आणि अमेरिकी खेळ

ब्रिटिश प्रेक्षकाला अमेरिकी खेळांचं वावडं आहे असं सरसकट म्हटलं जातं. 1986 च्या ऑगस्टमधलं लंडनचं वेम्बली स्टेडियम आठवलं तर ते पटत नाही. शिकागो आणि डॅलस या अमेरिकन फुटबॉल संघांचा तो सराव सामना होता, निकालाला काही किंमत नव्हती, तरी 82 हजारांहून जास्त माणसं आली.

ही आवड लागली टीव्हीमुळे. 1982 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनची चौथी दूरचित्रवाहिनी सुरू झाली आणि रविवारी संध्याकाळी अमेरिकन फुटबॉलची क्षणचित्रं दाखवू लागली. घरच्या फुटबॉलचे तेव्हा हाल होते. स्टँड मोडकळीला आलेले, गर्दी रोडावलेली, मारामाऱ्या नेहमीच्या. 1985 च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डला लाकडी स्टँड पेटून 56 जणांचा जीव गेला आणि अडीच आठवड्यांनी ब्रसेल्सच्या युरोपीय अंतिम सामन्यात 39 जणांचा. अशा दिवसांत ती चमकती हेल्मेटं आणि कुटुंबांनी भरलेली स्टेडियमं पाहून शाळकरी पोरं हरखून गेली तर नवल नाही.

एक गोष्ट मात्र निसटते. त्या पोरांनी पाहिला तो कापून-छाटून आखडता केलेला खेळ. खरा सामना तीन तास चालतो आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम 11 मिनिटं. बाकी वेळ थांबे, चर्चा आणि जाहिराती. प्रेम बसलं ते जाहिराती गाळलेल्या खेळावर. पुढे थेट प्रक्षेपणं रुळली आणि ‘सारखं थांबतं’ ही तक्रार सुरू झाली, तिचं मूळ इथे आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. 1889 साली अमेरिकी बेसबॉलपटूंनी युवराजांसमोर ओव्हलवर खेळून दाखवलं, 1890 मध्ये बेसबॉलची लीग काढण्याचा प्रयत्न झाला आणि डर्बी काउंटी हा क्लब 1997 पर्यंत ‘बेसबॉल ग्राउंड’ नावाच्या मैदानावर फुटबॉल खेळत राहिला. ‘सॉकर’ हा शब्दही अमेरिकेतून आलेला नाही, इंग्लंडच्याच विद्यापीठांतल्या बोलीतला आहे. सत्तरच्या दशकात तिथली वर्तमानपत्रं तो बिनदिक्कत छापत. अमेरिकी म्हणून तो नकोसा झाला नंतर.

1992 मध्ये इंग्लिश फुटबॉलची नवी श्रीमंत लीग आली. उपग्रह वाहिनीने सोमवार रात्रीचे सामने सुरू केले, नावासकट अमेरिकेतून उचललेले. मैदानात चिअरलीडर आल्या, आतषबाजी झाली. लोक हसले आणि तो प्रकार लवकरच बंद पडला. प्रक्षेपणाच्या सोयीने सामन्याची वेळ बदलण्याची पद्धत मात्र टिकली. न्यूकॅसलहून लंडनला आलेल्या पाठीराख्याची शेवटची गाडी चुकते ती या पद्धतीमुळे. चिअरलीडरमुळे कुणाची गाडी चुकली नव्हती.

या सगळ्यात खोल जखम करणारा शब्द म्हणजे फ्रँचायझी, म्हणजे मालक धंद्याच्या सोयीने हवा तिथे हलवू शकतो असा संघ. आयपीएलमुळे मराठी क्रीडापानांवर तो इतका रुळला आहे की त्यात काही टोचतं हेच आपल्याला जाणवत नाही. पुणे वॉरियर्स 2013 साली, अवघ्या तीन हंगामांनंतर बंद झाला, तेव्हा फार कुणी हळहळलं नाही. इंग्लिश स्टँडमध्ये हाच शब्द शिवीसारखा वापरतात. त्याला कारण आहे विम्बल्डन.

दक्षिण लंडनचा हा छोटा क्लब. 1977 मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आला आणि 1988 मध्ये लिव्हरपूलला 1–0 ने हरवून इंग्लंडचा एफए चषक जिंकला. 1991 मध्ये त्याने प्लाउ लेन हे घरचं मैदान सोडलं आणि दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाड्याने राहिला. दहा वर्षांनी मालकांनी जाहीर केलं की क्लब मिल्टन कीन्सला नेणार, म्हणजे 90 किलोमीटर दूरच्या नव्या नियोजित शहरात. लीगने आधी नकार दिला. मग लवाद झाला आणि शेवटी प्रकरण तीन सदस्यांच्या आयोगाकडे गेलं. 28 मे 2002 रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. पाठीराख्यांनी नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही त्या निकालात लिहिलं होतं. क्लबच्या ताळेबंदाचा विचार करता आयोगाची अडचण समजून घेता येते, पण ते वाक्य लिहिण्याची काही गरज नव्हती.

पाठीराख्यांनी काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला. विम्बल्डन कॉमनच्या गवतावर खुली निवड चाचणी ठेवली, तर दोनशेच्या वर खेळाडू बूट घेऊन हजर झाले. पहिला सराव सामना 4–0 असा गमावला आणि तरी हजारोंनी टाळ्या वाजवल्या. तिकडे जुन्या क्लबची सरासरी गर्दी तीन हजारांच्याही खाली गेली. 2003 मध्ये तो मिल्टन कीन्सला गेला आणि 2004 मध्ये एमके (म्हणजे मिल्टन कीन्स) डॉन्स झाला. ‘डॉन्स’ हे विम्बल्डनचं जुनं टोपणनाव. इतर क्लबांचे पाठीराखे त्याला आजही ‘फ्रँचायझी’ म्हणून हिणवतात.

या पद्धतीचे चटके अमेरिकेलाही बसले आहेत, हे इंग्लंडमध्ये फारसं बोललं जात नाही. 1984 च्या मार्चमध्ये बाल्टिमोरचा संघ रातोरात ट्रकमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला गेला. क्लीव्हलँडचा संघ 1996 मध्ये हलला तेव्हा नाव, रंग आणि विक्रम शहराकडेच ठेवावे लागले, इतका लोकांचा संताप होता. फरक असा की तिथे संघाची बदली नियमात बसते आणि तळाला राहिलं तरी खालच्या विभागात घसरण्याची भीतीच नाही.

घरचा खेळ बाहेर नेला जाण्याच्या या धास्तीमुळेच 2008 मध्ये इंग्लिश लीगची एक जादा फेरी परदेशात खेळवण्याची कल्पना निघाली, तेव्हा ती थोड्याच काळात गुंडाळावी लागली. त्याआधी चारच महिने, 28 ऑक्टोबर 2007 रोजी, पावसाने चिखल झालेल्या वेम्बलीत अमेरिकी लीगचा खराखुरा सामना झाला होता आणि 81 हजार लोक आनंदाने भिजले होते. लंडनच्या या सामन्यांची गंमत म्हणजे खेळणारे संघ दोन, पण स्टँडमध्ये जवळपास सगळ्या बत्तीस संघांच्या जर्सी दिसतात. पाहुण्याच्या घरचं कौतुक एवढं मोकळं असतं. लंडनच्या टॉटनम क्लबने तर 2019 च्या नव्या स्टेडियमात गवताचं मैदान तीन तुकड्यांत सरकवून खाली अमेरिकन फुटबॉलचं कृत्रिम मैदान ठेवलं.

2021 च्या एप्रिलमध्ये सहा इंग्लिश क्लब घसरणीपासून सुरक्षित अशा युरोपीय लीगमध्ये निघाले. त्यांतल्या तीन क्लबांचे मालक अमेरिकी होते. लोक रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत सहाही क्लब मागे फिरले. त्याच वर्षी वेल्समधल्या रेक्सहॅम क्लबला उत्तर अमेरिकेतल्या दोन अभिनेत्यांनी विकत घेतलं आणि तिथे मात्र स्वागत झालं, कारण क्लब गावातच राहिला, मैदान तेच राहिलं. 2023 ते 2025 वरच्या विभागात सलग तीन बढत्या मिळाल्या. 2025 च्या जुलैत न्यू जर्सीत चेल्सीने क्लब विश्वचषक जिंकला, तेव्हा मध्यांतरात गाण्यांचा कार्यक्रम ठेवून ते लांबवलं गेलं. त्यावर चिडचिड झाली, मोर्चा निघाला नाही.

विम्बल्डनचे लोक 2020 च्या नोव्हेंबरमध्ये प्लाउ लेनला परतले. त्यासाठी पाठीराख्यांनी स्वतःचे पैसे घातले होते. करोनामुळे पहिल्या सामन्याला स्टँड रिकामे होते. त्याच्या तीन वर्षं आधी एमके डॉन्स त्यांच्याकडे खेळायला आला, तेव्हा यजमानांनी पाहुण्यांच्या नावातला ‘डॉन्स’ हा शब्द वापरायचं टाळलं आणि लीगने यजमानांवरच कारवाई सुरू केली. विम्बल्डनचा माणूस त्या क्लबला आजही नुसतं ‘मिल्टन कीन्स’ म्हणतो.