पोलादी सायकल-चौकटीतील फेरबदल

पोलादी सायकल-चौकटीतील फेरबदल : तयार पोलादी चौकट (फ्रेम) वाकवून, कापून किंवा तिच्यावर नवे भाग झाळून ती मूळ रचनेहून वेगळ्या चाकांना, गिअरांना अथवा ओझ्याला जुळवून घेण्याचे काम. ॲल्युमिनियमची चौकट एकदा तापवली की तिचे बळ घटते आणि ते परत आणण्यासाठी भट्टीतील उष्णतासंस्कार लागतो. पोलाद मात्र थंड अवस्थेत वाकवलेले तसेच राहते आणि पितळी डाग (वितळवलेल्या पितळाने केलेला जोड) सहज धरते. त्यामुळे फेरबदलाचा विचार प्रामुख्याने पोलादी चौकटीच्या बाबतीतच होतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात ‘फ्रेमबिल्डर’ (चौकट बांधणारा कारागीर) हा शब्द फारसा कानावर येत नाही. हे काम सायकल दुरुस्त करणारा, गॅस वेल्डिंगवाला आणि लेथवाला यांच्यात वाटले जाते. उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीमुळे लेथ आणि धातुकामाची जाण बेळगाव शहरात आहे. उणीव भासते ती तिन्ही कामांचा मेळ घालून चौकट शेवटी सरळ आहे की नाही हे पाहणाऱ्या एका माणसाची.

सर्वांत नेहमीचा फेरबदल मागच्या चिमट्याचा, म्हणजे ज्या दोन बाजूंच्या नळ्यांमध्ये मागचे चाक बसते त्या भागाचा. जुन्या काळ्या रोडस्टर सायकलीत मागच्या चाकाचा कणा बसतो त्या दोन खाचांमधली जागा साधारण ११० मिमी असते, तर गिअरच्या रस्ता-सायकलींची मागची चाके बराच काळ १३० मिमी जागेच्या मापाची येत राहिली. जांबोटीवरून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्याला गिअर हवे असतील, तर प्रत्येक बाजू १० मिमी, म्हणजे कारागिराच्या भाषेत साधारण तीन सूत, बाहेर घ्यावी लागते. दोन्ही बाजू एकाच वेळी ताणल्या तर जी नळी मऊ ती जास्त सरकते, म्हणून एकेक बाजू स्वतंत्रपणे वाकवणे योग्य. वाकवलेले पोलाद थोडे उसळून मागे येते. त्यामुळे हव्या मापाच्या थोडे पुढे नेऊन सोडावे लागते. मग कण्याच्या खाचा पुन्हा एकमेकींना समांतर करतात. हे राहिले तर नट आवळताना कण्यावर वाकडा ताण पडून तो कालांतराने मोडतो.

तपासणीला महागडे यंत्र लागत नाही. मागच्या एका खाचेला दोरी बांधून ती पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत आणतात आणि सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर पट्टीने मोजतात. दोन्ही मापे सारखी आली की चिमटा मध्यात आहे. डोळ्यांनी सरळ दिसणारी चौकट या दोरीपुढे पुष्कळदा उघडी पडते.

गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची कडी, बाटली-धारकाच्या आट्या किंवा कॅरियरचे कान जोडताना आर्कचे वेल्डिंग टाळावे, कारण पातळ नळीला भोक पडते. दर्जेदार चौकटींच्या नळ्या टोकांशी ०.८ मिमी आणि मध्ये ०.५ मिमी इतक्या बारीक असू शकतात. पितळ सुमारे ९०० अंश सेल्सिअसला वितळते, चांदीमिश्रित टाका त्याहून बराच खाली, तर पोलाद वितळायला १,४०० अंशांहून अधिक लागतात. या फरकावरच झाळकाम उभे आहे. टाकणखार (बोरॅक्स) लावून नळी लालभडक होईपर्यंत तापवली की पितळ आपोआप फटीत ओढले जाते. फट मोठी असेल तर नुसते पितळ भरून उपयोग नाही. आधी कानस चालवावी.

चाके बदलताना ब्रेकचे गणित विसरले जाते. रोडस्टरच्या २८ इंची रिमचा टायर बसण्याचा व्यास ६३५ मिमी, रस्ता-सायकलींच्या ७०० सी रिमचा ६२२ मिमी. म्हणजे ब्रेकचे गुटके ६.५ मिमी खाली, केंद्राकडे आणावे लागतात आणि जुन्या दांडी-ब्रेकऐवजी बहुधा लांब हातांचे केबल-ब्रेक बसवावे लागतात.

डाग दिलेल्या जागेचा रंग जळून जातो. टाकणखाराचा काचेसारखा थर गरम पाण्याने धुऊन काढला नाही तर रंग त्यावर टिकत नाही. पावडर कोटिंग साधारण २०० अंशांवर होत असल्याने पितळी सांध्याला त्याची बाधा नसते. खानापूरकडच्या पावसात नळी आतून गंजते, म्हणून रंगकाम झाल्यावर आत जवसाचे तेल फिरवून चौकट उलटी टांगून सुकवतात.